तीनशे नऊ आणि एकवीस
(महोत्सवाच्या सभेत झालेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी एखाद्या संताचे चरित्र सांगावे, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु मी एका क्रिकेटपटूविषयी दोन शब्द बोलणार आहे.

उन्हाळ्यात बोरी नदीचे पात्र कोरडे पडले, की आम्ही मुले तेथे खेळ मांडीत असू. स्वतः बाद होताच जो मुलगा बॅट टाकून घरी निघे, त्याला माझे वडील थांबवीत व म्हणत, "अरे, तीनशे नऊ सर्वांनाच हवेत, एकवीस कोणी करायचे?" या बोलाचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी उमगला.

विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. ते प्रॉटेस्टंट होते. तथापि आमच्या घरी त्यांचे नाव आप्ताप्रमाणेच घेतले जाई.

त्या काळी मुंबईस धर्मवार क्रिकेट सामने होत असत. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन यांचे संघ होतेच. १९३७ साली त्यांत पाचव्याची भर पडली. देशी ख्रिस्ती, ज्यू आदी लहान समाजांच्या या संघाचे नाव काय, तर 'इतर'! ज्या गावी आपली घरे बोटांवर मोजावी इतकी, तेथे या शब्दाचा सल मी निराळा सांगावयास नको.

१९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. 'इतर' १३३ धावांत आटोपले व त्यांना लागलीच पुन्हा खेळावे लागले. या दुसऱ्या डावात एकंदर ३८७ धावा झाल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या. सामना एक डाव व ६१ धावांनी गेला, परंतु तो खेळ लोकांच्या स्मरणात राहिला.

त्या डावात समोरच्या टोकास त्यांचे बंधू विवेक उभे होते. दोघांनी मिळून ३०० धावांची भर घातली. विवेक यांच्या धावा किती? अवघ्या २१! ते उतावीळ होऊन बाद झाले असते, तर तीनशे नऊ कोठून होणार?

धर्मवार सामन्यांविषयी महात्मा गांधींनी १९४० सालीच नापसंती दर्शविली होती. १९४६ साली ते बंद पडले. पुढे १९४८ साली ॲडलेड येथे हजाऱ्यांनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके ठोकली. १९५२ साली मद्रास येथे भारताने पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा संघाचे नायक तेच होते. त्या दिवशी ते कोणाचेच 'इतर' नव्हते. १८ डिसेंबर २००४ रोजी ते निवर्तले.

बंधुभगिनींनो, या स्मरणिकेत धर्मगुरूंची व देणगीदारांची नावे छापली आहेत, ते योग्यच आहे. परंतु माझे वडील दर शनिवारी सायंकाळी चर्चची झाडलोट करीत व रविवारी पहाटे घंटा वाजवीत. त्यांचे नाव कोठल्याही पाटीवर नाही, आणि त्याची त्यांना कधी खंतही वाटली नाही. आज मला कळते, की नदीच्या पात्रात ते आम्हांस आपलेच जीवितकार्य सांगत होते.

अशी एकवीस धावांची माणसे प्रत्येक घरात होऊन गेली आहेत. आज घरी गेल्यावर त्यांची नावे मुलांना सांगा. प्रभू आपल्या धर्मग्रामाला असे सेवक सदैव देवो.