पाणी थोडं, तरी दारात फुलं

(फुलंब्री तालुक्यातल्या एका ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या सदस्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथं छापत आहोत.)

ताईंनो, मावश्यांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या आज्यांनो!

परतफेड झाली, विम्याचे अर्ज झाले, बँकेच्या कर्जाचंही बोलून झालं. आता शेवटचा विषय, परसबाग. पोषण परसबागेचं आपण आधी भरपूर बोललोय. मेथी, पालक, दोडका, शेवगा तुमच्या परसात उभा आहे. आज मी फुलांबद्दल बोलणार आहे.

फुलांचं नाव काढलं की तीन प्रश्न येतात. पहिला, "बाई, प्यायला पाणी नाही, फुलांना कुठून घालू?" दुसरा, "फुलांनी पोट भरतं का?" तिसरा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही, तो मनात असतो. "फुलं लावायची कुणासाठी?" या तिन्ही प्रश्नांवर एकेक करून बोलू.

पाणी कुठून?

जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरलेलं आहे. उन्हाळ्यात आपल्याकडं तेवढं येतं का, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून आपण निम्मंच धरू. पाच माणसांच्या घरात तरी सव्वाशे लिटरच्या वर झालं. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं सोडलं, तर बाकीचं न्हाणीतून आणि मोरीतून बाहेर जातं. रस्त्यावर साचतं, डास करतं आणि शेजारणीशी भांडण लावून देतं.

आता झाडाचा हिशोब करा. जमिनीत लावलेली मोगऱ्याची दहा झाडं भर उन्हाळ्यात एक दिवसाआड तीन-तीन लिटर पाण्यावर निघतात. म्हणजे दोन बादल्या. एवढं पाणी तर रोज तुमच्या न्हाणीतून वाहून जातं.

पण कुठलं पाणी कुठं घालायचं, ते नीट समजून घ्या:

- तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी थेट कुंडीत घाला. हे सगळ्यात चांगलं.
- आंघोळीचं पाणी चालतं, पण रोज एकाच झाडाला नको. आज या आळ्यात, उद्या त्या आळ्यात.
- कपड्याच्या पावडरीचं पहिलं फेसाचं पाणी झाडाला घालू नका. त्यातल्या क्षारांनी माती कडक होते आणि पानांच्या कडा जळतात. खंगाळलेलं शेवटचं पाणी चालेल.
- भांड्याचं पाणी आधी छोट्या खड्ड्यातून जाऊ द्या. खाली विटांचे तुकडे, वर खडी, त्यावर वाळू. खरकटं अडवायला तोंडाशी जुनी चाळणी ठेवा. खड्ड्याच्या पुढं कर्दळ लावा. कर्दळीला असलं पाणी मानवतं, आणि लाल-पिवळी फुलंही येतात.

एक पथ्य पाळायचं. सांडपाणी फुलांना, केळीला घाला. जी पालेभाजी, कोथिंबीर आपण कच्ची खातो, तिला घालायचं नाही.

घातलेलं पाणी टिकवणं हे दुसरं काम. आळ्यात वाळलेला पाला, गव्हाचा भुसा, बारीक केलेल्या पऱ्हाट्या यांचा चार बोटं थर द्या. पाणी सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना घाला. गळकं मातीचं मडकं फेकू नका. ते झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवा, वर झाकण ठेवा. पाणी हळूहळू झिरपत मुळाला मिळतं.

आपल्या भागाला ही काटकसर नवी नाही. मलिक अंबरनं सतराव्या शतकात शहरासाठी नहर बांधली, डोंगराकडचं पाणी जमिनीखालून आणलं. पुढं तशाच नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरली. पाणी जपून आणायचं आणि जपून वापरायचं, हे इथल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

झाडाची पंचसूत्री

गटाची पंचसूत्री तुम्हाला झोपेतही म्हणता येते. झाडाचीही पंचसूत्री आहे: माती, पाणी, शेंडा, कीड आणि खुडणी. पाण्याचं झालं. बाकीची चार सांगते.

माती. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. कुंडीत नुसती काळी माती भरली की मुळं गुदमरतात. दोन टोपली काळी माती, एक टोपलं बारीक मुरूम किंवा वाळू आणि एक टोपलं चांगलं कुजलेलं शेणखत घ्या. ताजं शेण नको, त्यानं हुमणी येते. डबा, घमेलं, फुटकी बादली काहीही चालेल, पण बुडाला छिद्रं पाडलेली हवीत.

शेंडा. फुलाच्या झाडाचा शेंडा खुडायला आपला हात धजत नाही. पण झेंडू लावून महिना झाला की शेंडा खुडलाच पाहिजे. बाजूला फांद्या फुटतात, आणि जितक्या फांद्या तितकी फुलं. शेवंतीलाही तेच. मोगऱ्याचं पाणी डिसेंबरात तोडा. जानेवारीत झाड गुडघ्याएवढं छाटा, शेणखत घाला, मग पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या येतात. गुलाब दसरा-दिवाळीच्या सुमाराला छाटा. कलमाच्या जोडाच्या खालून फुटणारा धुमारा मात्र दिसला की काढून टाका. तो रानगुलाब असतो, सगळं खत तोच खातो.

शेवंतीची एक गंमत सांगते. रात्र मोठी झाली की तिला कळ्या धरतात. म्हणून ती हिवाळ्याच्या तोंडावर फुलते. ओसरीचा बल्ब रात्रभर जळत असेल किंवा खांबावरचा दिवा अंगावर येत असेल, तर तिला रात्र झाल्याचं कळत नाही आणि कळ्या लांबतात. "शेवंती माजली पण फुलत नाही" असं म्हणणाऱ्या ताईंनी आधी दिवा कुठं आहे ते बघावं.

कीड. जास्वंदावर कापसासारखा पांढरा थर दिसला तर तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याचा जोर मारून धुऊन काढा, फारच भरलेली फांदी कापून जाळा. मुंग्या त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, त्यांचाही बंदोबस्त करा. मावा, तुडतुड्यांसाठी निंबोळी अर्क पुरतो. 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळायची, एक लिटर पाणी करायचं, चिमूटभर साबणाचा चुरा टाकायचा आणि संध्याकाळी फवारायचं. संध्याकाळी अशासाठी, की तोवर मधमाश्या घरी गेलेल्या असतात.

आणि हे मी हात जोडून सांगते. कपाशीवर मारून उरलेलं औषध दारातल्या फुलांवर मारू नका. तीच फुलं आपण केसात माळतो, देवाला वाहतो. लेकरं ती नाकाला लावतात, पाकळ्या तोंडात घालतात.

खुडणी. फुलं खुडत राहिलं की झाड फुलत राहतं. सुकलेलं फूल झाडावर ठेवलं की झाडाचा जोर बी करण्यात जातो. मोगऱ्याच्या कळ्या सकाळी लवकर तोडा, ओल्या फडक्यात गुंडाळा, संध्याकाळी गजऱ्यात उमलतात.

पोट भरतं का?

नुसत्या फुलांवर पोट भरतं, असं मी म्हणणार नाही. पण फायदा कसा होतो ते बघा.

पहिला फायदा भाजीत दिसतो. भोपळा, दोडका, कारलं यांत नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं असतं. मधमाशी आली तरच फळ धरतं, नाहीतर बोटाएवढं होऊन पिवळं पडतं आणि गळतं. दारात फुलं असली की मधमाश्या येतात. टोमॅटोच्या आणि कपाशीच्या कडेनं झेंडूची ओळ लावा. हिरव्या घाटेअळीचा पतंग झेंडूवर अंडी घालायला येतो, म्हणून त्याला सापळा पीक म्हणतात. झेंडूच्या मुळांमुळं जमिनीतले सूत्रकृमीही कमी होतात.

दुसरा फायदा वाचलेल्या पैशाचा. गणपती, गौरी, नवरात्र, दसरा, लक्ष्मीपूजन, मार्गशीर्षातले गुरुवार. वर्षभरात किती रुपयांची फुलं आणि हार विकत आणले, ते एकदा वहीत लिहून काढा. आकडा मी सांगणार नाही, तुमचा तुम्हीच काढा.

तिसरा फायदा विक्रीचा, आणि इथं सावध राहायला हवं. दसऱ्याला सगळेच झेंडू आणतात. सकाळचा भाव दुपारी राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ढीग बाजारात तसेच पडलेले असतात. म्हणून सगळी लावणी एका दिवसासाठी करू नका. बी टाकल्यापासून रोप तयार व्हायला महिना आणि लावल्यावर फुलायला साधारण दोन महिने, म्हणजे सणाच्या तीन महिने आधी बी पडलं पाहिजे. त्यात पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं तीन वाफे लावा. एकाचा भाव पडला तर दुसरा सावरतो. घरच्यासाठी मागच्या हारातलं बी चालतं. पण ते संकरित झेंडूचं असेल तर फुलं एकसारखी येत नाहीत, म्हणून विक्रीसाठी खात्रीची रोपं घ्या.

गिऱ्हाईक जवळच आहे. श्रावणात वेरूळला घृष्णेश्वराला गर्दी असते, शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला लोक पायी जातात, तिथल्या दर्ग्यांत गुलाब वाहतात. नवरात्रात शहरात कर्णपुऱ्याची यात्रा भरते. सुट्टी फुलं विकण्यापेक्षा हार-गजरे विकले तर मजुरीही आपल्यालाच मिळते. दहा जणींची फुलं एकत्र केली तर एकीला रोज जायला लागत नाही, पाळी लावता येते.

कापसाची पट्टी मोठी असते, ती बहुतेक घरांत मालकाच्या नावावर होते. फुलांचे वीस-पन्नास रुपये रोज हातात येतात. ते गटाच्या बचतीत टाका, वहीत वेगळे लिहा. वर्षअखेरीला त्या रकमेपुढं तुमचं नाव असेल.

कुणासाठी?

आता तो तिसरा, मनातला प्रश्न.

आपल्या गटांत एकल ताई आहेत. कुणाचा नवरा आजारानं गेला, कुणाचा अपघातात, कुणाच्या घरात कर्जापायी आत्महत्या झाली. यांच्या हाताला झाडं चांगली येतात, गजरेही यांचेच सुबक होतात. त्या गजरा ओवून देतात, आणि बाकीच्या जणी माळतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं नसतं. वाण नाही आणि फूलही नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, मे 2022 मध्ये, त्या गावच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. म्हणजे हे मी माझ्या मनचं सांगत नाही.

सावित्रीबाईंचा फोटो आपल्या प्रत्येक बैठकीत असतो. 1854 साली त्यांचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह निघाला. त्यात जाईवर कविता आहे, पिवळ्या चाफ्यावर आहे. आणि याच सावित्रीबाईंनी जोतिरावांच्या बरोबरीनं विधवा बायांच्या बाळंतपणासाठी स्वतःच्या घराचं दार उघडलं. शाळा, विधवांचा आधार आणि जाईचं फूल, एकाच बाईच्या आयुष्यात सगळं होतं.

मी वयानं तुमच्या लेकीएवढी आहे. मला म्हणायला सोपं आहे, तुम्हाला गावात राहायचंय, हे मला कळतं. म्हणून मी कुणाच्या केसात जबरदस्तीनं फूल घालायला आले नाही. जिला माळायचं नसेल, तिनं माळू नये. पण ते 'नको' तिचं स्वतःचं असावं. बाकीच्यांनी तिच्या वतीनं नको म्हणू नये. आणि ती एकटी सुरुवात करू शकत नाही, ती आपण बाकीच्यांनी करायची आहे. ताट फिरवताना तिच्यापुढं ते थांबवायचं, एवढंच.

पुढच्या बैठकीला येताना तीन कामं करून या. एक, दारातल्या कुठल्याही फुलझाडाची एक फांदी किंवा रोप आणा, आपण अदलाबदल करू. दोन, न्हाणीचं पाणी कुठं जातं ते बघून ठेवा, दोन घरी मिळून खड्डा करायचा असेल तर मी येते. तीन, "गटाच्या हळदीकुंकवाला गटातल्या सगळ्या सदस्यांना बोलावणं आणि फूल" हा विषय अजेंड्यावर घ्या, चर्चा करा, आणि जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा. मतभेद झाले तर तेही लिहा. हा विषय एका बैठकीत सुटणार नाही, पण एकदा वहीत आला की पुन्हा पुन्हा निघेल.

जय सावित्री!