रीत, नियम आणि कायदा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आजवर या मंडळात मी तिळाचे लाडू वळले, सतरंज्या घातल्या, वर्गणीच्या पावत्या फाडल्या; पण बोलायला कधी उभी राहिले नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी कायद्याविषयी बोलणार हे ऐकून घरात सर्वांना हसू आले. मुलगी म्हणाली, "आई, तू वकील कधी झालीस?" मी म्हटले, "वकील झाले नाही. पण एका शब्दाने मला दोनदा फसवले आहे, ते सांगायला वकील कशाला व्हायला हवे?" तो शब्द म्हणजे 'नियम'.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची गोष्ट आपल्यापैकी काहींना आठवत असेल. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी आदल्या रात्री जागून शंभर पुड्या बांधल्या. भावोजींना जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. समारंभ सुरू झाला तशा त्या दाराबाहेर, चपलांजवळ, खुर्ची घेऊन बसल्या. माझ्या धाकटीने विचारले, "मोठी काकू आत का येत नाही?" कोणीतरी सहज म्हणाले, "तसा नियम आहे गं."

त्या वेळी कुंकवाची कोयरी माझ्याच हातात होती. मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

रात्री मी मंडळाची नियमांची पुस्तिका काढून वाचली. वर्गणी किती, सभेची सूचना किती दिवस आधी, गणसंख्या किती, हिशेब कोणी तपासायचे, सारे तीत आहे. सभासद कोणी व्हावे? अठरा वर्षे पुरी झालेल्या कोणत्याही स्त्रीने. 'सवाष्ण' हा शब्द पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोठेही नाही. मग तो नियम होता तरी कोठला? या एका प्रश्नाने मला पुढे बरेच वाचायला लावले. जे समजले नाही ते आमच्या शेजारच्या वकीलबाईंनी समजावून दिले.

आपल्या बोलण्यात असे कितीतरी शब्द आहेत आणि आपण ते एकाच मापाने मोजतो. नेम हा माणूस स्वतःच स्वतःला घालून घेतो. चतुर्थीचा नेम मोडला तर जाब आपला आपल्यालाच. रीत ही घराची. ओटी कशी भरावी, पुरणावर तूप कधी वाढावे, हे सासरी एक आणि माहेरी दुसरे. पायंडा म्हणजे नुसते एकदा घडलेले. ते चारदा घडले की त्याची चाल होते. कचेरीत तिलाच शिरस्ता म्हणतात. रूढी समाजाची. ती कोणी घातली हे ठाऊक नसते, म्हणून ती बदला असे कोणाला सांगायचे हेही ठाऊक नसते. आमच्या शेजारच्या उत्तर प्रदेशातल्या भाभी मुलांना "कायदे से बैठो" असे म्हणतात, तेव्हा त्यांचा अर्थ 'नीट बसा' एवढाच असतो. त्यांच्या भाषेत कायदा म्हणजे रीतभात, आणि आपण ज्याला कायदा म्हणतो त्याला त्या कानून म्हणतात.

हे झाले न लिहिलेले शब्द. लिहिलेले शब्द मला एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखे वाटतात. सर्वांत मोठा डबा म्हणजे घटना. ती 26 जानेवारी 1950 पासून अमलात आली. तिच्या आत अधिनियम, म्हणजेच आपण बोलताना म्हणतो तो कायदा. तो लोकसभा-राज्यसभेत किंवा विधिमंडळात होतो. मंजूर होण्याआधी तो नुसते विधेयक असतो. मळलेली कणीक म्हणजे अजून पोळी नव्हे, तसेच ते. सभागृहाचे अधिवेशन चालू नसताना निकड पडली तर राष्ट्रपती किंवा राज्यपाल अध्यादेश काढतात. त्याला नंतर सभागृहाची संमती मिळाली नाही तर तो टिकत नाही. अधिनियम कसा राबवायचा ते सांगण्यासाठी सरकार नियम करते. सोसायटीच्या कारभाराचे उपविधी असतात. शासन निर्णय म्हणजे लोक ज्याला जीआर म्हणतात तो. 1 मे 2024 रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहायचे, हे आपल्या राज्यात शासन निर्णयानेच ठरले. परिपत्रक म्हणजे वरच्या कचेरीने खालच्यांना पाठवलेल्या सूचना. आणि सर्वांत छोटा डबा म्हणजे आपल्यासारख्या मंडळाचा ठराव. लहान डबा मोठ्यात बसलाच पाहिजे. उपविधी कायद्याच्या विरुद्ध जाऊ शकत नाही आणि कायदा घटनेच्या विरुद्ध जाऊ शकत नाही.

हा फरक मला आधी कळला असता तर बरे झाले असते. माझे वडील 2011 साली गेले. दिवस झाल्यावर आठवड्याभराने भावाने हक्कसोडपत्राचा कागद आणला. वडिलोपार्जित जमीन होती. मामा म्हणाले, "बहिणींनी सही करायची असा नियमच आहे." मी नोंदणीच्या कचेरीत गेले. तिथल्या माणसाने विचारले, "स्वखुशीने ना?" मी "हो" म्हटले आणि सही केली.

पुढे कळले ते असे. हिंदू वारसा कायदा 1956 सालचा. त्याने वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला वाटा दिला. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मात्र मुलाप्रमाणे जन्मापासून हक्क नव्हता. आपल्या महाराष्ट्राने 1994 साली तो दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. मग 9 सप्टेंबर 2005 पासून साऱ्या देशात, लग्न झालेल्या मुलींनाही, मुलाइतकाच हक्क मिळाला. म्हणजे मी सही केली तेव्हा कायदा माझ्या बाजूला उभा होता. मामांनी जिला नियम म्हटले ती रीत होती.

माझा भाऊ वाईट नाही. दर भाऊबीजेला येतो. विचारले असते तर मी ती जमीन आनंदाने दिलीही असती. पण आपले आहे म्हणून देणे वेगळे, आणि आपले नाहीच असे समजून सोडणे वेगळे.

आता कोणी म्हणेल, कायदा केला की काम झाले. तसेही नाही. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा 1856 साली झाला. त्यानंतर 37 वर्षांनी, 1893 साली, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांच्याच मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. कायदा पुस्तकात होता. रूढी माणसांच्या मनात होती. ती बदलायला माणसेच लागतात.

म्हणून मला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाचे कौतुक वाटते. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे ही प्रथा गावात बंद करायची. त्याच महिन्यात ग्रामविकास खात्याने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हाच कित्ता गिरवायला सांगितले. पाहा, सर्वांत छोटा डबा आधी उघडला आणि मोठ्या कचेरीला त्याची दखल घ्यावी लागली.

मी जाऊबाईंना विचारले होते, "त्या दिवशी तुम्हाला कोणी अडवले का हो?" त्या म्हणाल्या, "छे गं! कोणी अडवले नाही. मीच बसले." हे उत्तर अजून माझ्या मनातून जात नाही. कायदा मोडला तर शिपाई येतो. रूढीला शिपाई लागत नाही. ती आपल्याकडूनच आपल्याला बाहेर बसवते, आणि आत कोयरी घेऊन उभ्या असलेल्या बाईलाही परत फिरवते.

ज्या वडीलधाऱ्या भगिनींना आपल्या घरी जुनी रीत पाळायची आहे, त्यांनी खुशाल पाळावी. घराची रीत घराची. पण हे मंडळ आहे, त्याला नियमांची पुस्तिका आहे आणि तिच्यात आपण सर्वजणी सारख्या आहोत. यापुढे कोणी "नियम आहे" असे म्हटले की दोन प्रश्न विचारावेत एवढीच माझी विनंती आहे: कोणी केला? आणि कोठे लिहिला आहे? उत्तर मिळाले तर नियम पाळावा. न मिळाले तर ती रीत आहे असे समजावे आणि ती ठेवायची की नाही ते आपण सर्वांनी मिळून ठरवावे.

आता माझा ठराव. "मंडळाच्या हळदीकुंकवाच्या समारंभात प्रत्येक सभासद भगिनीला सारख्याच मानाने आत बोलावून हळदकुंकू व वाण देण्यात यावे, घेणे न घेणे तिच्या इच्छेवर राहील." तो आजच मंजूर करा असे मी म्हणत नाही. आपल्या नियमाप्रमाणे पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो घ्यावा. सूचक म्हणून चिटणीसबाईंनी माझे नाव लिहावे. अनुमोदनाला एक भगिनी हवी आहे.