शाळेतील मत्स्यालय : पाण्याची तयारी व माशांची निवड
(पाचगणी येथे प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



शाळा तपासणीच्या निमित्ताने हिंडताना काचेच्या रिकाम्या टाक्या मला पुष्कळ ठिकाणी दिसतात. एखाद्या टाकीत खडूची खोकी रचलेली असतात, दुसरीत जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या करून ठेवलेल्या असतात. चौकशी केली म्हणजे उत्तर बहुधा एकच मिळते : “मासे आणले होते, साहेब, पण जगले नाहीत.” मग कोणी दुकानदाराला बोल लावतो, कोणी पाचगणीच्या थंडीला, तर कोणी नळाच्या पाण्याला. थंडीचा आणि नळाच्या पाण्याचा दोष थोडाबहुत खरा आहे, व त्याविषयी मी पुढे सांगणारच आहे. परंतु बहुतेक वेळा खरे कारण निराळे असते. पाणी वाईट नसते. ते नवे असते.

हा विषय क्षुल्लक आहे असे कोणी समजू नये. सोमवारी वर्गात आणलेला मासा गुरुवारी उताणा तरंगताना दिसतो, गुरुजी तो फेकून देतात आणि पुढच्या बाजाराला दुसरा आणतात, हे दुसरीतले मूल पाहत असते. फुटलेल्या चेंडूच्या जागी नवा चेंडू आणावा, तद्वत मेलेल्या जिवाच्या जागी दुसरा जीव आणता येतो, असे त्याच्या मनावर ठसते. परिसर अभ्यासाच्या कोणत्याही पुस्तकात हा धडा नाही. तरी तो शिकविला जातो. म्हणून टाकी मांडावयाची तर ती नीट मांडावी, नाहीतर मांडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता नव्या पाण्यात मासा का मरतो ते पाहू. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो; त्याची विष्ठा व उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. हा अमोनिया माशाला विषासारखा आहे. नदीत वा तळ्यात तो साचत नाही. पाणी पुष्कळ असते, आणि दगड, वाळू व वनस्पती यांच्या अंगावर राहणारे जीवाणू त्याचे रूपांतर करीत असतात. एका जातीचे जीवाणू अमोनियापासून नायट्राइट तयार करतात. तेही विषारीच, त्याने माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट थोड्या प्रमाणात असल्यास मासे ते सोसतात, व पाणवनस्पती ते खत म्हणून घेतात. नव्या टाकीत हे जीवाणू जवळजवळ नसतात. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, परंतु त्यात माशांच्या घाणीची विल्हेवाट लावणारे कोणीच नसते. जीवाणूंची पुरेशी वाढ होण्यास उबदार पाण्यात साधारण चार ते सहा आठवडे लागतात. गार पाण्यात त्याहून अधिक. आपण मात्र टाकी सकाळी धुतो, दुपारी भरतो आणि सायंकाळी मासे सोडतो.

लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1850 च्या सुमारास एका काचपात्रात दोन गोल्डफिश व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवून प्रयोग केला. झाडाची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली व पाणी निवळले. त्या काळी ह्या जीवाणूंचे कार्य कोणाला माहीत नव्हते. तरी पात्रात मासा एकटा जगत नाही, त्याच्या सोबत दुसरे जीव लागतात, ही गोष्ट त्याने ओळखली होती.

तेव्हा आपल्या शाळांनी काय करावे? माझी सूचना अशी की टाकी जूनमध्ये शाळा उघडल्यावर मांडावी आणि मासे गणपती झाल्यावर आणावेत. मुलांना एवढा धीर कसा निघावा, असे आपण म्हणाल. धीर निघतो, मात्र मधल्या दिवसांत त्यांना काम दिले पाहिजे.

पहिले काम गणिताचे. 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद व 30 उंच अशी टाकी घेतली तर तिचे घनफळ 54,000 घन सेंटिमीटर, म्हणजे 54 लिटर होते. पाणी काठोकाठ भरावयाचे नाही आणि तळाशी वाळू असते, म्हणून प्रत्यक्षात सुमारे 45 लिटर पाणी मावेल. काच, वाळू व पाणी मिळून हे ओझे पाऊणशे किलोच्या आसपास जाते, हे पाचवीचा विद्यार्थी स्वतः मांडून काढू शकतो. ते कळले म्हणजे डुगडुगते टेबल का चालणार नाही हे निराळे सांगावे लागत नाही. टाकीखाली थर्माकोलचा तुकडा घालावा. टाकी खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नये. काचेवर हिरवे शेवाळ चढते. साबणाने तर ती मुळीच धुऊ नये.

दुसरे काम वाळूचे. वाळूत व नदीच्या गोट्यांत आपल्याकडे पुष्कळदा चुनखडीचे खडे असतात. ते पाण्याचा क्षारपणा वाढवीत राहतात. खड्यांवर लिंबाचा रस वा व्हिनेगर टाकावे. फेस आला तर तो खडा वगळावा. काळ्या पाषाणाचे गोटे चांगले. टेबललँडवरचा जांभा दगड मुलांना फार आवडतो, पण तो झिजून पाणी लालसर करतो. त्याला बाहेरच असू द्यावे. वाळू पाच-सात पाण्यांनी, गढूळपणा जाईपर्यंत धुवावी.

तिसरे काम पाण्याचे, आणि येथे फार जपावे लागते. आपल्याकडे पाण्यात टीसीएल पावडर टाकतात, व पावसाळ्यात तिचे प्रमाण वाढते. माणसाला ते हितकर आहे. परंतु त्यातील क्लोरीन माशांचे कल्ले भाजून काढतो व आपण ज्यांची वाट पाहतो त्या जीवाणूंनाही मारतो. म्हणून पाणी उघड्या, पसरट भांड्यात एक अहोरात्र राहू द्यावे, म्हणजे क्लोरीन बराचसा उडून जातो. पाण्याला वास येत असेल तर आणखी एक दिवस थांबावे, किंवा दुकानात क्लोरीन घालविण्याचे जे औषध मिळते त्याचे थेंब बाटलीवरील प्रमाणाने घालावेत. गढूळ पाण्यात तुरटी फिरविण्याची आपल्या घरोघरी रीत आहे. टाकीच्या पाण्याला ती लावू नये. पाणी निवळू देऊन फडक्याने गाळून घ्यावे.

टाकी भरल्यावर हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरिया लावावी. ओढ्यातून वा तळ्यातून आणलेली वनस्पती कित्येकदा धुवावी, नाहीतर तिच्याबरोबर चतुराची पिल्ले येतात, आणि ती लहान मासे धरून खातात. हवेच्या पंपावर चालणारी स्पंजची साधी गाळणी बसवावी. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा. आपल्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते, आणि पंप खाली असल्यास नळीतून पाणी उलट उतरते. मग रोज चिमटीभर खाद्य रिकाम्या टाकीत टाकावे. ते कुजेल, अमोनिया होईल, आणि जीवाणूंना अन्न मिळेल. एखाद्याच्या घरी जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या गाळणीचा स्पंज ह्या पाण्यात पिळून घ्यावा. विरजण लावल्यासारखे काम होते. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे थेंब बाजारात मिळतात. प्रत्येक शाळेला तो खर्च नको. केंद्रशाळेने एक संच घेतला तर सर्वांना पुरेल. मुलांनी दर शनिवारी पाण्याचा रंग पट्टीशी ताडून तक्त्यात लिहावा. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरून नायट्राइट चढते, आणि शेवटी दोन्ही शून्यावर येतात. त्या दिवशी टाकी तयार झाली असे समजावे. चौथीच्या मुलांनी स्वतःच्या हाताने काढलेला हा आलेख कोणत्याही छापील चित्रापेक्षा मला अधिक मोलाचा वाटतो.

आता मासे. येथे दुकानात जाऊन रंग पाहून निवडण्याची चूक सर्वत्र होते. एका टाकीत कोणी कोणाबरोबर राहावे हे ठरविताना प्रथम पाण्याची ऊब पाहावी. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे 1300 मीटर उंच आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वर्गातील पाण्यात हात घालवत नाही. एंजल, फायटर, मॉली, निऑन टेट्रा हे उष्ण प्रदेशातले मासे. त्यांना 24 ते 28 अंश सेल्सिअस ऊब लागते. आपल्या टाकीत ते हीटरशिवाय हिवाळा काढणार नाहीत. आणि हीटर घेतला तरी वीज गेल्यावर तो निरुपयोगी. मुंबईच्या घरात सुखाने नांदणारी जोडी येथे आजारी पडते, ती ह्याच कारणाने.

मग गोल्डफिश आणावा, असे सहज सुचते. त्याला थंडी मानवते हे खरे. पण तो वाढून वीतभर होतो, घाण पुष्कळ करतो आणि दहा-पंधरा वर्षे जगतो. 54 लिटरच्या टाकीत तो न ठेवलेलाच बरा. गोल बरणीत तर कधीच नाही. त्या बरण्या विकणाऱ्यांना काय म्हणावे हे मला कळत नाही.

दुसरी गोष्ट आकार व स्वभाव. मत्स्यन्याय हा शब्द आपण राजनीतीत वापरतो. टाकीत तो अक्षरशः लागू पडतो. ज्याच्या तोंडात जो मावतो तो त्याचा सोबती नव्हे, भक्ष्य होय. लहानपणी एंजल आणि निऑन टेट्रा एकत्र दिसतात; एंजल मोठा झाला की टेट्रा एकेक करून नाहीसे होतात. फायटरचा नर दुसऱ्या नराला जगू देत नाही. टायगर बार्ब लांब शेपटीच्या माशांचे पर कुरतडतो. ‘काच साफ करणारा’ म्हणून जो सकर मासा गळ्यात मारतात, तो बोटाएवढा असताना गोंडस दिसतो. पण पुढे हातभर होतो.

ह्या सर्वांचा विचार करून, हीटर नसलेल्या आपल्या शाळांना मी झेब्रा मासा सुचवितो. तो आपल्याच उपखंडातला आहे. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरील 1822 च्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. चार-पाच सेंटिमीटरच्या वर तो वाढत नाही, 18 अंशांच्या आसपासचे पाणी त्याला चालते, व त्याहून थोडी अधिक थंडीही तो काही काळ काढतो. थंडीच्या रात्री टाकीभोवती जुनी घोंगडी गुंडाळावी. तो कळपाने राहणारा आहे. एक-दोन आणले तर भेदरतात किंवा एकमेकांना त्रास देतात. आठ आणावेत, पण एकदम नव्हे. आधी चार, पंधरा दिवसांनी चार. त्यांच्याबरोबर दुसरी जात नको. आठ मासे थोडे वाटतील. वीज गेलेल्या दिवशी ते थोडेच बरे वाटतील. त्याची अंडी पारदर्शक असतात व दोन-तीन दिवसांत फुटतात, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढीचा अभ्यास ह्याच माशावर चालतो. साध्या भिंगातून ते मुलांनाही पाहता येईल.

हिवताप विभागाचा गप्पी मासाही काटक असतो आणि फुकट मिळतो. पण गप्पी पिल्लेच घालतो, व तीही दर महिन्यास वीस-पंचवीस. गप्पी ठेवावयाचा तर नुसते नर ठेवावेत.

मासे साताऱ्याहून वा पुण्याहून आणाल तेव्हा पिशवी थर्माकोलच्या खोक्यात ठेवून पसरणीचा घाट चढावा. पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगती ठेवावी, थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात मिसळावे, आणि मासे जाळीने उचलून टाकीत सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

मासे आल्यावर सर्वात मोठे संकट चाळीस मुलांच्या प्रेमाचे असते. प्रत्येकाला खाऊ घालावयाचे असते. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसातून एकदा, पाळीपाळीने एकाच मुलाने द्यावे, व डबी कपाटात कुलपात राहावी. आठवड्याला एक बादली पाणी काढून, क्लोरीन गेलेले तेवढेच घालावे. गाळणीचा स्पंज नळाखाली न धुता त्या काढलेल्या पाण्यात पिळावा. दिवाळीच्या सुटीत मोठ्या माशांना आठ-दहा दिवस उपास बाधत नाही, पण उन्हाळ्याच्या सुटीसाठी शाळेजवळ राहणारे घर आधी ठरवावे. असे घर मिळत नसेल तर टाकी घेऊ नये.

आणखी एक गोष्ट आपल्या गावी विशेष महत्त्वाची आहे. टाकी नकोशी झाली की मासे ओढ्यात सोडून ‘मुक्त’ करण्याची हौस पुष्कळांना असते. पाचगणीच्या कड्यावरून खाली धोमचा जलाशय दिसतो. आपल्या उतारावरचे कितीतरी ओढे कृष्णेलाच मिळतात. परदेशी चिलापी कृष्णा-भीमेच्या जलाशयांत किती माजला आहे हे कोळीबांधवांना विचारावे. आणि उजनीत आता तोच काच साफ करणारा सकर मासा जाळ्यात येऊ लागला आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांत असे मासे आहेत की जे जगात इतरत्र कोठेही आढळत नाहीत. म्हणून टाकीतला मासा, त्याचे पिल्लू, किंवा टाकीतली वनस्पतीही ओढ्यात, विहिरीत वा वेण्णा तलावात जाता कामा नये. आणि ओढ्यातला मासाही टाकीत नको. नकोसे मासे दुकानदाराला परत द्यावेत, अथवा केंद्रातील दुसऱ्या शाळेला द्यावेत. कोणत्या शाळेला हवे आहेत ते केंद्रप्रमुखांकडे नोंदवून ठेवावे. काढलेली वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून खतात टाकावी, आणि टाकीचे बदललेले पाणी शाळेच्या बागेतल्या झाडांना घालावे.