कोपी जळाल्यानंतर

(श्रीरामपूर येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



आजच्या बैठकीसाठी ‘आगीनंतरचे पुनर्वसन’ हा विषय कळवला, तेव्हा काहीजणींनी विचारले, की आपल्याकडे वणवे कोठे पेटतात? वणवा म्हटले की मेळघाट नाहीतर गडचिरोलीचे जंगल आठवते. आपला तालुका प्रवरेच्या कालव्यावरचा. 1926 साली भंडारदरा धरण झाले, हरेगाव आणि टिळकनगर येथे खासगी साखर कारखाने उभे राहिले, नंतर सहकारी कारखाने आले. पाण्याच्या मुलखात आगीचा विषय कशाला?

पण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात या भागातून फिरून बघा. ऊस पक्व होऊन पाला वाळलेला असतो. तुटलेल्या फडात गुडघाभर पाचट पडलेले असते. लोंबकळणाऱ्या वीजतारा वाऱ्याने एकमेकींना लागतात आणि ठिणगी पडते. कधी विडीचे थोटूक, कधी चुलीतला निखारा. एका फडाची आग चार फडांत जाते. याच फडांच्या कडेला किंवा कारखान्याच्या तळावर बांबू, चटया आणि प्लॅस्टिकच्या कागदाच्या कोप्या दाटीने उभ्या असतात. एक पेटली की रांग पेटते. हा आपला वणवा आहे.

उसाला आग लागली की निदान धावपळ तरी होते. जळीत उसाचे वजन घटते, दरात कपात होते, म्हणून शेतकरी कारखान्याकडे धाव घेतो आणि तोडीचा क्रम बदलून ऊस नेला जातो. तारेमुळे आग लागली असेल तर विद्युत निरीक्षकाचा अहवाल, वीज कंपनीकडे भरपाईचा अर्ज असा एक रस्ता असतो. तो खडतर आहे, पण आहे. कोपी जळाली तर? सातबारा नाही, वीजजोड नाही, घरपट्टी नाही. नुकसान झाले ते कशाचे, हेच कागदावर ठरत नाही.

कोपीत असते तरी काय, असे एका अधिकाऱ्यांनी मला विचारले होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना खरोखरच माहीत नव्हते. मी आणि आमच्या गटातल्या दोघींनी मग जळालेल्या तळावर बसून बायांकडून यादीच करून घेतली. सहा महिन्यांची बाजरी-ज्वारी आणि पीठ. गोधड्या. भांडी. मुलांचे कपडे, दप्तर. कोयते. बैलांची पेंड. पेटीत ठेवलेले डोरले आणि किरकोळ पैसे. मोबाइल. रेशनकार्ड, आधारकार्ड, बचत गटाचे पासबुक, बाळाचे लसीकरणाचे कार्ड. ऊसतोड कामगाराचा वर्षातला अर्धा संसार कोपीत असतो. गावाकडच्या घराला तेव्हा कुलूप असते.

आता सरकारी मदतीचा हिशेब पाहू. आपत्ती प्रतिसाद निधीतून ज्या आपत्तींना मदत मिळते त्या यादीत पूर, भूकंप, गारपीट यांच्याबरोबर आगही आहे. हे आपल्यापैकी अनेकींना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगते. 2022 ते 2026 या काळासाठी ठरलेल्या निकषांत, सपाट प्रदेशातले घर पूर्ण नष्ट झाले तर 1 लाख 20 हजार रुपये धरले आहेत. झोपडीसाठी 8 हजार. घर पूर्ण गेलेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी अडीच हजार आणि भांड्यांसाठी अडीच हजार. दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर 37 हजार 500, बैलासाठी 32 हजार, शेळीसाठी 4 हजार.

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. त्याच निकषांत झोपडीची व्याख्या आहे: कच्च्या घराहून हलक्या दर्जाचा, गवत, माती, प्लॅस्टिक वगैरेंचा तात्पुरता निवारा. घराची रक्कम हवी तर ते बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे जिच्याकडे आधीच कमी आहे तिला कमी, आणि जिच्याकडे कागद आहे तिला जास्त. भावात एका बैलाच्या खाली चार झोपड्या बसतात.

आणि ते 8 हजार तरी हातात पडतात का? पंचनामा तलाठ्याने करायचा. हुद्द्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावात तलाठीच म्हणतात. जळालेले कुटुंब पाथर्डीचे, शिरूर कासारचे किंवा आष्टीचे. इथला तलाठी म्हणतो, हे आमच्या गावचे रहिवासी नाहीत. तिकडचा म्हणतो, आग आमच्या हद्दीत लागलेली नाही. पंचनामा झालाच तर नाव नवऱ्याचे, खाते नवऱ्याचे. बाई एकटी असेल, परित्यक्ता असेल, भावाच्या कोयत्याबरोबर आलेली असेल, तर ती यादीत येतच नाही.

मग तिचा संसार उभा कोण करतो? मुकादम. आमच्या पाहण्यातल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते, नाव-गाव सांगत नाही. आग लागली त्याच संध्याकाळी मुकादमाने 20 हजार रुपये दिले. तातडीने आलेली ही एकच मदत. बाईने त्याला दुवा दिला, आणि तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण ते 20 हजार उचलीत धरले गेले. हंगाम संपला तेव्हा उचल फिटली नव्हती, बाकी पुढच्या वर्षावर गेली. पुढच्या दसऱ्यानंतर ते जोडपे निघाले तेव्हा सातवीतली मुलगी बरोबर होती. धाकट्याला सांभाळायला आणि मोळ्या बांधायला हात हवा होता. ती शाळेत परत गेली नाही. त्या आगीचे खरे नुकसान मोजायचे असेल तर ते दुसऱ्या वर्षी मोजावे लागेल. पंचनामा मात्र दुसऱ्या दिवशीच पुरा झालेला असतो.

म्हणून माझे म्हणणे असे की आपण मदत आणि पुनर्वसन यांत फरक करायला शिकले पाहिजे. मदत आठवड्यात संपते. साड्या येतात, धान्याची पाकिटे येतात, फोटो निघतात. पुनर्वसनाला दोन-तीन वर्षे लागतात आणि त्यासाठी कोणीच येत नाही. दुष्काळ किंवा पूर जाहीर झाला तर बँका कर्जाची मुदत वाढवतात. दहा कोप्या जळाल्याची घोषणा कोणी करीत नाही, त्यामुळे फायनान्स कंपनीचा आठवड्याचा हप्ता आगीनंतरच्या सोमवारीही दारात उभा असतो, दार नसले तरी.

या बाबतीत आपल्याच महाराष्ट्राचा एक मोठा अनुभव आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळपास 8 हजार माणसे गेली. 52 गावे नव्या जागी वसवली गेली. नवी घरे मजबूत होती यात वाद नाही. पण पुष्कळ गावांत शहरासारखे सरळ रस्ते आखले गेले, घरे लांब लांब गेली, शेत दूर पडले, गोठ्याला आणि सरपणाला जागा राहिली नाही. ज्या बाईचा दिवस गोठा, शेत, पाणी आणि चूल यांत जातो, तिला घराचा आराखडा कोणी दाखवला नव्हता. जेथे जुनी घरे जागेवरच दुरुस्त करायची होती तेथे मात्र वेगळे घडले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने शेकडो गावांत स्थानिक बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. अनुदानाचे हप्ते कसे मिळतात, भिंतीला आडवे पट्टे का घालायचे, सिमेंट किती लागते, हे त्या शिकल्या आणि घरोघरी सांगू लागल्या. पुढे त्याच गटांतून बचतीचे आणि व्यवसायाचे काम उभे राहिले. बाई लाभार्थी म्हणून रांगेत उभी राहते तेव्हा आणि कामावर देखरेख करते तेव्हा, दोन्ही वेळा घर मिळते. पण दुसऱ्या वेळी घराबरोबर संघटनाही मिळते.

परदेशातले एक उदाहरणही आपल्या कामाचे आहे. फेब्रुवारी 2009 मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात भयंकर वणवे लागले. 173 माणसे मेली, दोन हजारांहून अधिक घरे गेली. श्रीमंत देश, विमा, समुपदेशन, सगळे होते. तरीही तेथील स्त्री-आरोग्य कार्यकर्त्यांनी नंतर बायकांशी बोलून नोंदवले, की आगीनंतर घरातली मारहाण वाढली किंवा नव्याने सुरू झाली, आणि ‘त्याचे सगळे गेले आहे, तू समजून घे’ असे म्हणून बायकांना गप्प बसवले गेले. हे वाक्य मी आपल्या तळावरही ऐकले आहे, शब्द फक्त मराठी. तेव्हा पुनर्वसनाच्या आराखड्यात हिंसाचाराचा मुद्दा शेवटी जोडायचा नाही, पहिल्यापासून धरायचा.

आता घर कोणाचे, हा प्रश्न. कोपीला पर्याय म्हणून कारखान्याच्या तळावर पक्का निवारा, पाणी, संडास आणि दोन रांगांमध्ये मोकळी जागा हवी, ही मागणी आपण करूच. पण ते हंगामाचे छप्पर झाले. कुटुंबाचे घर गावाकडे आहे किंवा व्हायचे आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागासाठी मूळ अनुदान 1 लाख 20 हजारांचे आहे आणि घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावावर करण्याची तरतूद आहे. ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी जागा खरेदीला अर्थसाहाय्याची वेगळी योजना आहे. अनुसूचित जातींसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी मुक्त वसाहत योजना आहे. शिवाय ग्रामपंचायतीच्या घरनोंदीत पतीबरोबर पत्नीचेही नाव लावावे, हा ‘घर दोघांचे’ चा शासन निर्णय 2003 चा आहे. 1994 साली महाराष्ट्राने महिला धोरण केले, त्याच्याही आधी शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. म्हणजे विचार नवा नाही. तो ऊसतोड बाईपर्यंत पोहोचलेला नाही, एवढेच.

का पोहोचला नाही, याचे एक साधे कारण सांगते. गावच्या ग्रामसभा साधारणपणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास होतात. जानेवारीत ही माणसे फडात असतात. ऑक्टोबरात निघण्याची तयारी चालू असते. मे महिन्यात नुकतीच परतलेली, थकलेली, हिशेबाच्या भांडणात अडकलेली असतात. राहते 15 ऑगस्टची ग्रामसभा आणि तिच्या आधीची महिला सभा. घरकुलाच्या यादीचा, जागेचा, नाव लावण्याचा आपला सगळा जोर त्या एका तारखेवर लावला पाहिजे.

तर कामाची आखणी अशी करू या.

पहिला आठवडा. पंचनामा होईपर्यंत आपल्यातल्या दोघींनी तळ सोडायचा नाही. प्रत्येक बाईचे नाव वेगळे लिहायचे, एकटी असेल तर वेगळे कुटुंब म्हणून. जळालेल्या वस्तूंची यादी बाईकडून घ्यायची, पुरुषाला पेंड आठवते पण पीठ आठवत नाही. पंचनाम्याची प्रत मागायची. कागदपत्रे जळाल्याची पोलिसांत नोंद करायची, म्हणजे दुबार रेशनकार्ड आणि आधार काढणे सोपे जाते. रक्कम तिच्या खात्यात जमा करावी असा लेखी अर्ज तहसीलदारांकडे द्यायचा.

पहिले सहा महिने. उचलीवर चढलेली रक्कम कागदावर मांडून घ्यायची, मुकादमाची सही घ्यायची. बचत गट असेल तर गटाने बिनव्याजी किंवा कमी व्याजाने कोयते, भांडी आणि शेळी यांसाठी कर्ज द्यायचे, कारण मुकादमाला पर्याय उभा केल्याशिवाय त्याला नुसते वाईट म्हणून उपयोग नाही. मुलीचे शाळेतले नाव टिकले आहे का, हे जूनमध्ये जाऊन पाहायचे. तिच्यासाठी हंगामी वसतिगृहाची किंवा गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळामार्फत होणाऱ्या वसतिगृहांची चौकशी करायची. कामगार म्हणून ओळखपत्र नवऱ्याबरोबर बाईलाही वेगळे मिळाले पाहिजे. कोयता दोघांचा धरतात, मग ओळख एकाचीच का?

पुढची दोन-तीन वर्षे. गावाकडे घर तिच्या नावाने. इकडे तळावर सुधारणा. हंगामाआधी कारखान्याला आणि मुकादमाला एकच प्रश्न लेखी विचारायचा: विम्यात काय काय आहे? माणूस आहे, बैल आहे, कोपी आणि तिच्यातले सामान आहे का? उत्तर नाही आले तर तेच उत्तर समजून जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचे.

हे सगळे एका संस्थेचे काम नाही. ऊस जिथे आहे तिथल्या गटांनी आणि बाया जिथून येतात तिथल्या गटांनी एकमेकींचे फोन नंबर लिहून घेतले, तर निम्मे काम सुरू झाले असे मी समजेन. पाथर्डी, शेवगाव, आष्टीहून आलेल्या मैत्रिणी आज या सभेत आहेत. जेवणाच्या सुट्टीत श्रीरामपूर, राहुरी, राहात्याच्या मैत्रिणींनी त्यांच्या शेजारी बसावे आणि कोणत्या गावच्या टोळ्या कोणत्या तळावर उतरतात याची यादी करायला घ्यावी. ऑक्टोबरात गाड्या निघण्याच्या आत ती यादी पुरी व्हायला हवी.