अवेळी जन्मलेले बाळ आणि अन्ननलिकेचे व्यंग



२८ आठवड्यांपूर्वी जन्मलेले बाळ जेमतेम किलोभर वजनाचे. त्यातच अन्ननलिका मध्येच खंडित आणि तिचे खालचे टोक श्वासनलिकेला जोडलेले असेल तर? साधारणतः तीन-चार हजार जन्मांत एकदा आढळणारे हे व्यंग. १९४१ साली अमेरिकेत कॅमेरॉन हाइट यांनी दोन्ही टोके एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीपणे सांधली. परंतु अतिअपक्व बाळाला ते सोसेलच असे नाही. अशा वेळी शल्यविशारद प्रथम श्वासनलिकेशी असलेला जोड बंद करतात, जठरात नळी बसवून दूध देतात आणि बाळ वाढल्यावर टोके सांधतात. ओल्या मातीवर रंग चढवू नये, हे जोह्याच्या मूर्तिकारांना मी काय सांगावे!

खरा घात होतो तो पहिल्या काही तासांत. तोंडाला सतत फेस, पहिल्या घोटाला ठसका, अंग निळे पडणे, या त्याच्या खुणा. आपल्या घरांत मध वर्ज्य. पण गूळपाण्याचे बोट चाटविण्याची हौस आहेच. या बाळाच्या बाबतीत तो थेंब फुप्फुसात उतरू शकतो. म्हणून तोंडाने काहीही देऊ नये. लाळ वारंवार शोषून घ्यावी, डोके किंचित उंच ठेवावे, ऊब राखावी.

गर्भाला गिळता येत नाही म्हणून गर्भजल साचते, आणि त्या ताणानेच प्रसूती अवेळी होऊ शकते. सोनोग्राफीत पाणी जास्त दिसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने आईलाच वेळेवर मुंबईस हलवावे. परळला वाडिया प्रसूतिगृह (१९२६) आणि बालरुग्णालय (१९२९) शेजारी-शेजारीच आहेत.