पळू नका, उभे राहा



समन्स आला की आपला पोरगा आधी पळतो. काऊन पळतो, यावरच आज बोलायचं आहे मला.

समजा, अमरावतीच्या कोर्टानं गुन्हा शाबीत धरला. पण १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली शिक्षा न देता मुचलक्यावर सोडलं. मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं. अट, गाव सोडायचं नाही. पण घरात भाकर नाही. पोरगा अकोल्याच्या जिनिंगवर कामाले गेला. झाला अटीचा भंग!

आता वॉरंट निघू शकतं, मूळ गुन्ह्याची शिक्षाही होऊ शकते. लपवत नाही. पण गड्यांनो, कलम ९ वाचा. ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा नाही. भंग पहिलाच असेल तर नुसता दंड करून मुचलका चालू ठेवता येतो. अन् दंड किती? फार तर ५० रुपये! पळालात तर हे सांगणार कोण?

म्हणून हजर व्हा. मजुरीची चिठ्ठी, दवाखान्याचा कागद, साक्षीदार न्या. गाव सोडण्याआधीच परिवीक्षा अधिकाऱ्याला गाठा. त्याच्या अर्जावर कोर्ट अट बदलू शकतं. वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या कायद्यानं अनुसूचित जाती-जमातींना फुकट वकील मिळतो. ही भीक नाही, हक्क आहे.

अन् जाबही विचारा. सोडण्याआधी कोर्ट पाहतं, याला किंवा जामीनदाराला कायमचं घर, नाहीतर नेमाचा धंदा आहे का? बेड्यावरच्या पारध्यानं काय दाखवायचं? गुन्हेगार जमातींचा १८७१ पासूनचा कायदा १९५२ ला गेला. नजर गेली नाही.

बाबासाहेब बॅरिस्टर होते. आपण निदान आपलं कलम तरी वाचू.

जय भीम!