चिखलात घातलेले पैसे

आम्ही इंदापूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाराजणी. आज आम्ही मातीच्या छोट्या शोभेच्या वस्तूंबद्दल बोलणार आहोत. पण सुरुवात आमच्या फजितीपासून करतो, कारण शिकलो ते तिथंच.

भिगवण, कुंभारगावला थंडीत रोहित पक्षी येतात, म्हणजे फ्लेमिंगो. ते बघायला लांबलांबचे पाहुणे येतात. आमच्यातली एक ताई म्हणाली, "ह्यांना घरी न्यायला आपण मातीचे रोहित करू, बैलजोड्या करू." बेंदराला, पोळ्याला आपण मातीचे बैल पुजतो, नागपंचमीला नागोबा करतो, दिवाळीत पोरं किल्ल्यावर मावळे मांडतात. हाताला माती नवी नव्हती. गटातून 3,000 रुपये काढले, उजनीच्या काठचा गाळ आणला आणि ताईच्या पडवीत 100 नग केले.

लवकर वाळावेत म्हणून पत्र्यावर उन्हात ठेवले. संध्याकाळपर्यंत 37 नगांना भेगा गेल्या. उरलेले 63 भट्टीत दिले, तर 24 फुटले, नाहीतर त्यांचे पाय मोडले. हातात आले 39. ते 20 रुपयांनी विकले, 780 रुपये जमले. म्हणजे 2,220 रुपयांचा खड्डा.

महिन्याच्या बैठकीत प्रश्न आलाच, "चिखलात घातलेले पैसे भरायचे कुणी?" ताई खाली मान घालून म्हणाली, "माझ्या एकटीच्या नावावर टाका." आम्ही नाही टाकले. हो म्हणताना बाराजणींनी हो म्हटलं होतं. प्रत्येकीच्या वाट्याला 185 रुपये आले. दोघींच्या घरी त्यावरून बोलणी बसली. तरी ठरलं, की आधी चूक कुठं झाली ते विचारायचं.

बारामती तालुक्यातल्या एका कुंभार आजीकडं गेलो. आजीनं फुटका बैल हातात घेतला नि म्हणाली, "पोरींनो, मातीला घाई केली तुम्ही." मग तिनं जे दाखवलं ते तुम्हीही लिहून घ्या.

एक, आपली काळी माती आणि गाळ वाळताना फार आकसतो, म्हणून भेगा पडतात. गाळ वाळवून कुटायचा, चाळायचा, चार दिवस भिजत घालायचा. मग त्यात बारीक वाळू आणि चाळलेली राख मिसळायची. आम्ही चार घमेली गाळाला एक घमेलं धरतो. तुमची माती वेगळी असेल, म्हणून आधी बोटाएवढी पट्टी करून वाळवून बघा. भेग गेली तर वाळू वाढवा.

दोन, जाड भाग आतून पोकळ ठेवायचा आणि पोटाखाली काडीनं भोक पाडायचं. आत ओल राहिली की भट्टीत तिची वाफ होते आणि नग फुटतो.

तीन, शिंग, मान, कान नुसते चिकटवायचे नाहीत. दोन्हीकडं ओरखडे काढायचे, पातळ माती लावायची, मग दाबायचं.

चार, सावलीत वाळवायचं. पहिले दोन दिवस वर ओलसर फडकं, मग आठ दिवस उघडं. नग गालाला लावून बघा. गार लागला तर आत ओल आहे, भट्टीत द्यायचा नाही.

रोहितच्या पायांचं काय, हे विचारलं तर आजी हसली. "बसवा की त्याला!" खरंच आहे. कच्छच्या रणात हा पक्षी चिखलाचा उंचवटा करून त्यावरच अंडी घालतो. आम्ही आता तसाच उंचवट्यावर बसलेला, मान अंगाशी घेतलेला रोहित करतो. मोडायला काही उरतच नाही.

घरातली माणसं "पोरखेळ" म्हणायची, त्यांना आम्ही इनामगावची गोष्ट सांगितली. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी हे गाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथं 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली त्यांना झाकणाचं मातीचं भांडं सापडलं. त्यात बिनडोक्याची, कच्च्या मातीची बाईची मूर्ती होती, आणि सोबत बैल. मूर्तीच्या पोटाला नि बैलाच्या पाठीला भोकं, म्हणजे काडी घालून तिला बैलावर बसवता येत होतं. ती घोड नदी भीमेला मिळते आणि भीमेचं पाणी आपल्या उजनीत येतं. तेव्हा हा खेळ आपल्या भागात फार जुना आहे.

आता दुसरी चूक, आणि ती मातीची नव्हती. 20 रुपये भाव आम्ही ठरवला तो बाजारातला प्लॅस्टिकचा बैल बघून. आपले हात आम्ही हिशेबात धरलेच नव्हते. "तसंही दुपारी रिकामंच बसतो," म्हणून. दुसऱ्या वेळी वहीत सगळं लिहिलं. 100 नगांना गाळाची ने-आण, वाळू, रंग आणि भट्टीचा वाटा मिळून 800 रुपये. माल पोचवायला 200. एका नगाला मळण्यापासून रंगवण्यापर्यंत पाऊण तास, म्हणजे 75 तास. तासाला 40 रुपये धरले तर 3,000. एकूण 4,000. आता शिकल्यावरही 100 मधले 80 च विकण्याजोगे निघतात. म्हणून 4,000 ला 80 नं भागायचं. एक नग आम्हाला 50 रुपयांना पडतो, आणि आम्ही तो 20 ला देत होतो!

आता भाव 65 रुपये आहे. रस्त्यावरचा एक दुकानदार म्हणाला, "तीसला द्या, शंभर घेतो." आम्ही वही दाखवली आणि नाही म्हटलं. त्या दिवशी रिकाम्या हातानं परत येताना जीव खालीवर झाला, खोटं कशाला सांगू. पण पक्षी बघायला आलेल्यांनी थोडे थोडे करत नग नेले. गटाचे पैसे फिटले, आणि केलेल्या तासांची मजुरी प्रत्येकीच्या हातात पडली. फार मोठी रक्कम नाही, पण घामाची आहे. डिसेंबरात पुण्याला भीमथडी जत्रा भरते, तिथं बचत गटांचा माल विकला जातो. पुढं तिथवर जायचा विचार आहे.

मैत्रिणींनो, करायचं असेल तर शंभरापासून करू नका. दहा नग करा, दहा दिवस सावलीत ठेवा, आणि भट्टी घरी न लावता जवळच्या कुंभाराला विचारा. त्याला त्याचा वाटा द्या. आणि पहिल्या दिवसापासून वहीत दोन रकाने आखा. एकात खर्च, दुसऱ्यात आपले तास. दुसरा रकाना कोरा सोडू नका.